अस्सल नसल्याचा दाखला

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘जुनी पुस्तके, जुने नकाशे, जुनी चित्रे’ असे लिहिले आहे आणि भंडाऱ्यात या तिन्हींचा मिळून एकच अर्थ होतो, तो म्हणजे रद्दी. दुकान काढून अकरा वर्षे झाली. अजूनही रोज एक तरी माणूस दारात उभा राहून किलोचा भाव विचारतो. परीक्षा जवळ आल्या की पोरे बारावीचे प्रश्नसंच मागतात. पवनीचे एक गृहस्थ दर दोन महिन्यांनी थैलीत वीट घेऊन येतात आणि ती बौद्धकालीन आहे असे लिहून मागतात. विटेवर भट्टीवाल्याची इंग्रजी अक्षरे आहेत. ती त्यांना दाखवली की ते माझ्यावर रागावतात, चहा पितात आणि पुढच्या वेळी दुसरी वीट आणतात.

मी दीपमाला. एकतीस वर्षे कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर बाई विपश्यनेला जाईल, शांत होईल, असे घरच्यांना वाटले होते. मी दुकान काढले. शांत होणे माझ्या स्वभावात नाही. माझ्या वस्तूवर कोणी शंका घेतली तर मी त्याला पायरी उतरायला सांगते, मग तो नागपूरचा डॉक्टर असो की मुंबईचा संग्राहक. प्रत्येक वस्तूबरोबर मी माझ्या हस्ताक्षरात तीन ओळींचा अस्सलतेचा दाखला देते. कागद कधीचा, मिळाला कुठून, आणि खाली पूर्ण सही. एवढ्या वर्षांत माझा एकही दाखला खोटा ठरलेला नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी जांभुळटोल्याच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, घरातली रद्दी माझ्याकडे आली. तिच्यात त्या गावचा १९१७ सालचा नकाशा होता. कापडावर डकवलेला, हाताने रंगवलेला, देवनागरी अक्षरांचा. मधोमध निळा तलाव, आणि त्याची पाळ वडाच्या झाडापाशी एकदम वाकलेली. कडेच्या समासात शिक्का होता आणि दोन ओळी होत्या, की हा तलाव गावाच्या सामाईक वापराचा असून मासे धरण्याचा हक्क गावच्या ढिवर लोकांचा आहे. समासावर डाग पडले होते. डाग गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. म्हणून फ्रेम करताना मी भोवती रुंद पुठ्ठा लावला आणि शिक्का, ओळी, डाग सगळे त्याखाली घातले. नकाशा फार देखणा दिसू लागला.

तो नेला कृष्णरावांनी. जांभुळटोल्यात त्यांचे मोठे लॉन आहे, लग्नाचे. इंजिनिअरने त्यांना सांगितले होते की दालनात जुन्या काळचे काहीतरी लावा. ते दुकानात फिरले, वाघाच्या शिकारीचे एक छापील चित्र बघितले आणि मग नकाशापाशी थांबले.

“हे तं आमचंच गाव आहे मॅडम,” ते म्हणाले. “आन निळा रंग आमच्या सोफ्याले मॅच होते.”

मी तीन ओळींचा दाखला दिला. लॉन गावात नेमके कुठे आहे, हे मी विचारले नाही. नकाशे विकणाऱ्या बाईने एवढे तरी विचारायला हवे होते.

यंदा मार्चमध्ये एक मनुष्य आणि एक म्हातारी दुकानात आली. त्याचे नाव आसाराम, जांभुळटोल्याच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. म्हातारी बायाबाई, संस्थेची सर्वांत जुनी सभासद. मी सवयीने किलोचा भाव सांगणार होते, तेवढ्यात आसारामने मोबाईल पुढे केला. फोटोत माझा नकाशा होता, खाली कृष्णरावांचा सोफा.

“लग्नात वाढाले गेलतो जी,” तो म्हणाला. “भिंतीवर पाह्यलं, तं पाळीचा वाक दिसला. म्या म्हटलं, हा तं आमचा तलाव. फ्रेमीवर तुमच्या दुकानाचं नाव होतं.”

मग त्याने सगळे सांगितले. तलाव निम्म्याहून जास्त बुजला आहे. बुजलेल्या भागावर कृष्णरावांचे लॉन उभे आहे. उरलेल्या पाण्यात त्रेचाळीस घरे मासे धरतात. कृष्णरावांना आता तिथे गाड्या लावायला जागा हवी आहे. त्यांच्याकडे मालगुजाराच्या वारसांचे खरेदीखत आहे आणि त्यात लिहिले आहे की ही खासगी पडीत जमीन असून पावसाचे पाणी साचते. सुनावणी पंधरा दिवसांवर आली होती. तलाव होता आणि तो गावाचा होता, असे सांगणारा एकही कागद संस्थेकडे नव्हता. सरकारी नक्कल मागितली, तर अर्जावर ‘जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ असा शेरा मारून तो परत आला.

“फोटो दाखवला तं बाबू म्हणे, मोबाईल नको, असली कागद आना,” आसाराम म्हणाला. “आन त्याच्याकडं मागतला, तं तो चुलीत घालन.”

बायाबाई पुढे सरकली. ती म्हणाली, “पानी गेलं तं आमचे पोट्टे कोठं जातीन माय? हैदराबादले. इटा थापाले.”

मला स्वतःची लाज वाटली. तो शिक्का, त्या दोन ओळी मी माझ्या हाताने पुठ्ठ्याखाली लपवल्या होत्या, आणि कृष्णरावांच्या दाव्याविरुद्धचा एकमेव पुरावा त्यांच्याच भिंतीवर, दिव्याखाली टांगायला दिला होता. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे उभा राहून फोटो काढत होता. मी आसारामला म्हटले, नकाशा मी आणते.

कसा आणायचा, यावर मी दोन दिवस विचार केला. विकत परत मागावा तर त्यांना संशय येणार. खरे सांगावे तर चूल आहेच. एकच वाट उरत होती, आणि ती माझ्या तोंडून निघावी असे मला कधी स्वप्नातही वाटले नसते. नकाशा नकली आहे असे सांगायचे, माफी मागायची, बदल्यात ते शिकारीचे चित्र द्यायचे आणि नकाशा उचलायचा.

आसारामच्या मोटरसायकलवर चित्र मांडीवर धरून मी जांभुळटोल्याला गेले. त्याला लांब बाभळीखाली थांबायला सांगितले. कृष्णराव दालनात बसून मांडववाल्याशी खुर्च्यांवरून बोलत होते. मी म्हणाले, “कृष्णराव, माझ्याकडून चूक झाली. हा नकाशा अस्सल नाही.” हे वाक्य मी वाटेत वीस वेळा म्हणून बघितले होते.

कृष्णरावांनी नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“मग काय होते?” ते म्हणाले. “दिसते तं चांगला.”

अशा उत्तराची मी तयारी केली नव्हती.

“नकली आहे,” मी पुन्हा म्हणाले.

“पाव्हण्यायले काय समजते मॅडम? ते जेवाले येते. राहू द्या. तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिल्या?”

अकरा वर्षे मी लोकांना अस्सल आणि नकलीतला फरक सांगत आले आणि अकरा वर्षे लोक मला ‘मग काय होते’ म्हणत आले. त्या क्षणी मी आसारामला विसरले नव्हते, पण डोके तापले हेही खरे. मी फ्रेमजवळ गेले आणि दाखवायला सुरुवात केली. हे कापड बघा, हा धागा गिरणीचा, त्या काळी असे कापड वापरत नसत. किडीची ही भोके बघा, कागदाला आहेत आणि मागच्या कापडाला नाहीत, म्हणजे कोणीतरी तापल्या सुईने पाडली. अक्षरे दोन हातांची आहेत. खरे तर कापडाला भोके होती, आणि अक्षरे एकाच हाताची होती, फार सुंदर. पण भिंतीवरची फ्रेम उलटून कोण बघतो?

मांडववालाही उठून जवळ आला. मला चांगला श्रोता फार क्वचित मिळतो.

“पन असं नकली कोन कायले करन?” कृष्णरावांनी विचारले. “आमच्या गावचा नकाशा करून कोनाले काय भेटते?”

प्रश्न रास्त होता. इथे मला एक युक्ती सुचली आणि ती सुचल्याचा मला आनंदही झाला, हे कबूल करते. मी तलावासाठीच आले आहे अशी शंका त्यांना कधीच येऊ नये म्हणून मी थेट तलावावर बोट ठेवले.

“शोभेसाठी,” मी म्हणाले. “साध्या नकाशाला गिऱ्हाईक नसते. म्हणून कोणीतरी मागाहून हा निळा तलाव भरला आहे. पाळ बघा कशी वाकलेली. अशी पाळ कोणी बांधत नाही. चित्रकाराच्या मनातली आहे.”

कृष्णराव नकाशाच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी सांगितले की मुलीच्या सासरी एक प्राध्यापक आहेत, इतिहासाचे, आणि ते मे महिन्यात येणार आहेत. ते अशा गोष्टी ओळखतात म्हणे. “मंग नकोच,” ते म्हणाले. “वाघ द्या. पन मले लिहून द्या मॅडम. उद्या कोनी म्हनन का कृष्णरावनं नकली लावला होता, तं मी दाखवीन का मलेच फसवलं होतं.”

इथे एक ओळ लिहिली असती तरी भागले असते. ‘हा नकाशा अस्सल नाही’ आणि सही. कृष्णरावांना तेवढे पुरले असते. पण ज्या विषयात माझा हात धरणारे जिल्ह्यात कोणी नाही, त्या विषयावर मी एका ओळीचा कागद देऊ? मी टेबलाशी बसले. दोन पाने लिहिली. पाच मुद्दे, क्रमांक घालून. कापड, भोके, शाई, अक्षरे, आणि पाचवा तलाव. ‘संपूर्ण नकाशा अलीकडच्या काळातील असून त्यातील तलाव काल्पनिक आहे, असे माझे अनुभवाअंती ठाम मत आहे.’ खाली पूर्ण सही केली. कृष्णरावांनी कागद दोनदा वाचला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाला फोल्डर असते. त्या बाबतीत ते माझ्यापेक्षाही व्यवस्थित निघाले.

बाभळीखाली आसाराम घामाघूम होऊन उभा होता. “लय टाइम लागला जी बाई.”

“खोटं पटवायला वेळ लागतो,” मी म्हणाले. मी खुशीत होते. आम्ही दोघे हसलो. त्याने नकाशा लेकरू धरावे तसा छातीशी धरला आणि मला गाडी चालवायला येत नाही, तेव्हा तो दोघांच्या मध्ये ठेवून आम्ही परत आलो. दुकानात मी पुठ्ठा काढला. शिक्का, दोन ओळी, सगळे जागच्या जागी होते. आसारामने त्या ओळी मोठ्याने वाचल्या, अडखळत, दोनदा. ‘ढिवर लोकांचा’ हे शब्द आले तेव्हा त्याचा आवाज फुटला. मलाही भरून आले आणि मी उगाच त्याच्यावर खेकसले, की कागदावर श्वास सोडू नको.

सुनावणीला संस्थेची तीसेक माणसे आली होती. सुनावणी घेणारे महसुलाचे साहेब तरुण होते, नीट ऐकून घेणारे. आसारामच्या वकिलाने नकाशा टेबलावर पसरला. साहेब उठून उभे राहिले, वाकून बघू लागले. पाळीच्या वाकावरून त्यांनी पेन्सिल फिरवली. समासातल्या ओळी वाचल्या. “हा तर फार महत्त्वाचा कागद आहे,” ते म्हणाले. मागे बायाबाईने पदर तोंडाला लावला.

कृष्णरावही उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. रागाचा नव्हता. आपली वस्तू अचानक परक्याच्या घरात दिसल्यावर होतो तसा होता. त्यांनी नकाशाकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि मग पिशवीतून फोल्डर काढले.

“साहेब, हा नकाशा माझ्या भिंतीवर होता,” ते म्हणाले. “ह्याच मॅडमनं आधी तीन ओळीत असली लिहून इकला, मंग नकली म्हनून नेला. लिहून दिलं आहे.”

साहेबांनी दोन्ही पाने वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“सही तुमची?”

“माझी.”

“मजकूर?”

“माझाच. पण तो खोटा आहे. नकाशा परत मिळावा म्हणून मी खोटं लिहिलं.”

हे मी तीस माणसांसमोर म्हणाले. कारकुनाने ते टंकून घेतले. ज्या बाईने शंका घेणाऱ्यांना पायऱ्या उतरायला लावल्या, तिने खोटे लिहून दिल्याचे आता सरकारी कागदावर आले होते. पण मला त्या वेळी त्याचे काही वाटले नाही. मला वाटत होते, मी आता खरे समजावून सांगेन आणि सगळे सरळ होईल. खरे समजावून सांगणे हाच तर माझा धंदा.

मी उठले. नकाशा उलटा केला आणि मागच्या कापडाची भोके दाखवली. साहेबांनी पाने बघितली. “ही भोके मागाहूनही पाडता येतात ना? तुम्हीच लिहिलंय, तापल्या सुईने.” मी म्हणाले, किडीच्या भोकाची कड वेगळी असते. “कशी?” मी सांगितली. त्यांनी भिंग मागवले, बघितले आणि प्रामाणिकपणे म्हणाले की त्यांना काही फरक दिसत नाही. मला दिसत होता. मी धाग्याबद्दल बोलले. त्यावर मुद्दा एक होता. शाईबद्दल बोलले, त्यावर मुद्दा तीन. अक्षरे एका हाताची आहेत म्हणाले, तर मुद्दा चारमध्ये मी ‘त’ आणि ‘ल’ यांच्या वळणांतला फरक इतका बारकाईने दिला होता की साहेबांना तो खरेच दिसू लागला. खरे सांगायचे, तर एका ‘ल’पाशी मीही क्षणभर थबकले.

“आणि शिक्का?” आसारामचा वकील म्हणाला.

“दाखल्यात संपूर्ण नकाशा असं म्हटलं आहे,” साहेब म्हणाले. “त्यात शिक्का आलाच.”

मी म्हणाले, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या एका गावच्या तलावाचा अर्ज आधी त्यांच्यापुढे आला होता. तेव्हा जुने कागद कोण पारखतो याची त्यांनी भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत चौकशी केली होती आणि सगळ्यांनी एकच नाव सांगितले होते. ते नाव माझे होते.

“मॅडम, मी तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही,” साहेब म्हणाले. ते खरेच अदबीने बोलत होते. “पण माझ्यापुढे तुमची दोन मतं आहेत. एक तीन ओळींचं आणि आजचं तोंडी. दुसरं दोन पानांचं, कारणांसकट. वाद नसताना, शांतपणे लिहिलेलं. इतकं नेटकं खोटं कोणी लिहीत नाही.”

नकाशा पुराव्यात घेता येत नाही, असे त्यांनी कारकुनाला सांगितले. संस्थेकडे दुसरा काही कागद आहे का, असे विचारले. नव्हता. मग त्यांनी पुढचे सांगितले, म्हणजे खरेदीखताप्रमाणे जमीन खासगी धरण्यात येते, वगैरे. मी ते ऐकले नाही. मी बायाबाईकडे बघत होते. ती शेजारच्या बाईला विचारत होती, काय झालं, काय म्हनते, आणि शेजारची बाई सांगत नव्हती.

बाहेर आल्यावर कृष्णराव माझ्याजवळ आले. मला वाटले ओरडतील. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही माणूस हुशार. तुमच्यामुळं वाचलो.” आणि हात जोडून गाडीत बसले. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोसले असते.

संस्थेची माणसे कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली उभी होती. मी आसारामला म्हणाले, “माझ्यामुळे गेला तुमचा तलाव.” मला रडू आवरत नव्हते आणि मी ते आवरलेही नाही.

“तसं नोका म्हनू बाई,” तो म्हणाला. “आमच्यासाठी खोटं बोलनारं पहिलंच मानूस भेटलं. आमच्या उलटं तं सारेच बोलते.”

नकाशाची गुंडाळी त्याच्या काखेत होती. त्याने ती काढली, थोडीशी उलगडली, उन्हात धरली. पाळीचा वाक निघाला तेवढ्यावर थांबला. त्या पाळीवरून त्याने लहानपणी उड्या मारल्या होत्या. ज्या पाण्यात तो पोहायला शिकला, ते तिथे निळे काढलेले होते. त्याने किडीच्या एका भोकावर अंगठा ठेवला, मग कागद उलटा करून मागून बघितले. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याजवळ सरकला.

“तलाव तं होता जी, आमी नहाल्लो त्याच्यात,” तो हळूच म्हणाला. “पन बाई, आता खरं सांगा. हा कागद खरंच असली आहे का? का तुमी आमचं मन राखाले म्हनून राहिल्या?”

मी तोंड उघडले. त्याला पटेल असे एखादे कारण शोधत राहिले आणि जे सुचेल ते मी आधीच, क्रमांक घालून, खोडून ठेवले होते.